टिकलीचा रिलीव्हर

काल भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात पेरूच्या गाड्या लागलेल्या दिसल्या. माझ्या यादीत मेथी, आलं, मिक्सरचं झाकण आणि ह्यांच्या गुडघ्याचा पट्टा एवढंच होतं. पेरू नव्हते. तरी दोन किलो घेतले, आणि तेही मऊ पडलेले निवडून. गाडीवाली म्हणाली, "कड़क वाला लो ना दीदी, ये तो आज ही गल जाएगा." मला तसेच हवे होते. तिला वाटलं असेल, ही जेली करणार. खरं सांगितलं असतं तर हसली असती. मी कुत्र्याची बिस्किटं करते.

आणि आज सकाळी चित्राचा फोन आला. "काकू, या खेपेला डबा तुम्हीच इकडे घेऊन या. कार्डावरची शेवटची ओळ मी खोडली."

चित्रा म्हणजे आमच्या जुन्या क्वार्टरपासून चौथ्या गेटवाली. तिच्या फ्रिजवर एक कार्ड लावलेलं आहे. अक्षर माझं आहे, फक्त शेवटची ओळ तिची. त्या एका ओळीमुळे दहा महिने मी त्या सडकेवर पाऊल टाकलेलं नाही. आमच्या सेक्टरमध्ये गल्लीला सडकच म्हणतात.

फोन ठेवल्यापासून मी ओव्हनचं झाकण चार वेळा उघडलं. झाकणाला काच आहे, उघडायची गरज नसते. मी अशी नाही. मी कणीक मोजून घेणारी, कपड्यांच्या कपाटात आतून यादी चिकटवणारी बाई. ह्यांनी पेपरातून मान वर केली. "अवं, कितीक डाव पाहशील? वाफ जाऊन राहिली ना."

"जाऊ द्या."

"जायचं हाय का नाई, ते ठरव पहिले."

तेच तर ठरत नाही. टिकलीने, त्या सडकेवरच्या कुत्रीने, मला पाहिलं आणि ती पुन्हा स्कूटरमागे धावली तर? आणि तिने पाहिलंच नाही तर? दोन्हींपैकी कशाची भीती जास्त आहे, हेही मला लिहून काढता येत नाही.

क्वार्टरच्या मागच्या अंगणात पेरूचं झाड होतं. आमच्या आधीच्या कोणीतरी लावलेलं. पेरूला इथे कोणी बिही म्हणतं, आमच्या घरी जाम म्हणायचे. दिवाळी सरली की ते झाड असं काही लगडायचं की आम्हाला पुरून उरायचं. शेडच्या पत्र्यावर जाम पडले की टप्प आवाज यायचा, आणि पाठोपाठ पोपटांची कलकल. स्वयंपाकघरात, उशांच्या अभ्र्यांत, ह्यांच्या युनिफॉर्मच्या घडीतसुद्धा तो वास. मी वाटपाची यादी करायची. डावीकडची तीन घरं सोमवारी, उजवीकडची गुरुवारी. शेवटी लोक मला पिशवीसकट येताना पाहून दार लावून घ्यायला लागले.

खाली पडलेले टिकली खायची. तपकिरी अंग, कपाळावर पांढरा ठिपका. आम्ही तिला पाळलं वगैरे नव्हतं. ती सडकेची होती, पण बसायची आमच्या गेटच्या डाव्या बाजूला, नालीवर टाकलेल्या सिमेंटच्या पाटीवर. हे प्लांटच्या पंप हाउसमध्ये ऑपरेटर होते. आठवड्याला शिफ्ट बदलायची, आणि तो बदल टिकलीला माझ्या कॅलेंडरइतकाच पाठ. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला पाटीवरून उठून आळस देऊन तयार. ह्यांच्या स्कूटरबरोबर सडकेच्या तोंडापर्यंत जायची, तिथून परत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी ढुंकूनही बघायची नाही. दुपारी एकला मात्र हजर.

हे खिशात ग्लुकोजची बिस्किटं ठेवायचे. एका उन्हाळ्यात तिला खाज सुटली, मानेवरचे केस गेले. जनावरांच्या डॉक्टरांनी बाजारचं गोड बंद करायला सांगितलं, आणि आणखीही बरंच काय काय द्यायचं नाही ते सांगितलं. मी ते ऐकलं, डोक्यात ठेवलं. कागदावर उतरवलं नाही. ते पुढे महागात पडलं.

तर मग बिस्किटं घरी. पिकलेले पेरू कुस्करून चाळणीतून गाळायचे, म्हणजे बिया वर राहतात. त्यात एक काळं पडलेलं केळं. मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, मिळून यायला थोडी कणीक. मीठ, साखर, तूप काही नाही. जाडसर लाटून खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने चकत्या पाडायच्या आणि मंद आचेवर भाजायच्या. ताटलीत टाकल्यावर टक्क वाजलं की झालं. पेरू संपले की पपई, पपई संपली की नुसतं केळं. ह्यांनी एकदा चुकून चहाबरोबर दोन खाल्ली, आणि म्हणाले, "तुह्या हातची शंकरपाळी यंदा बरी झाली." शंकरपाळ्यांबद्दल मी तेव्हापासून बोलत नाही.

टिकलीची एक खोड होती. दिलेलं ती दिलेल्या जागी कधीच खायची नाही. बिस्किट अलगद दातांत धरायची, पाटीवर जाऊन बसायची, पुढच्या दोन पायांत ते उभं पकडायची, मग खायची. ह्यांनी एकदा तिला सडकेच्या तोंडाशी बिस्किट दिलं. तिथून घरापर्यंत बावीस गेटं आहेत. वाटेत दोन कुत्री भुंकली, एक कोंबडी आडवी गेली. तरी ती ते तोंडात तसंच घेऊन आली. "पाह्य, पाह्य," हे मागून स्कूटर हळू चालवत ओरडत होते, "मॅडम डबा घेऊन घरी जाऊन राहिल्या."

गेल्या वर्षी, पेरूच्या याच दिवसांत, हे रिटायर झाले. क्वार्टर परत द्यायचं होतं. भिलाई-3 ला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन ठेवला होता. मी एक्केचाळीस कामांची यादी केली. पंखे, नळ, किल्ल्या, गॅस, मीटरचं रीडिंग, गहू दळून घेणे, देवघराचा खिळा काढून भोक बुजवणे. आठवड्याला पाच कामांवर टिक. घर रिकामं होत चाललं, आणि रिकाम्या खोल्यांत पेरूचा वास जास्तच घुमायला लागला. मी रात्री झोपायची, पण सकाळी उठल्यावर पाय दुखायचे, झोपेत चालून आल्यासारखे.

रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टिकली गेटपाशी उभी राहिली. कॅलेंडरप्रमाणे तो फर्स्ट शिफ्टचा आठवडा होता. हे बनियनवर चहा पीत बसलेले. ती भुंकली. थांबली. परत भुंकली. पाऊण तास ती ह्यांच्यावर भुंकत होती, ड्यूटी बुडवणाऱ्या माणसावर फोरमनने ओरडावं तशी. शेवटी ह्यांनी शर्ट चढवला, स्कूटर काढली, सडकेच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. मग ती पाटीवर जाऊन झोपली. पुढचे दोन महिने हे शिफ्ट बदलेल तसे जात राहिले. मी हसले, पण दार लावून घेऊन.

यादी संपत आली तेव्हा एका सकाळी मी म्हटलं, "एकोणचाळीस झाली. दोनच राहिली."

हे म्हणाले, "टिकली कुठं हाय यात?"

मी पान उलटून पाहिलं. नव्हती.

"तिचा रिलीव्हर कोण?" ह्यांनी विचारलं.

रिलीव्हर म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस. तो येऊन समोर उभा राहील, चार्ज घेईल, तेव्हा तुम्ही सुटता. तोवर पंप सोडून हलायचं नाही, नियमच आहे. त्या नियमापायी मी या माणसावर तीस वर्षं चिडले आहे. मुलाच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर हे यायचे. भाऊबीजेला माझा भाऊ वाट पाहून गाडीला निघून जायचा. विचारलं की एकच उत्तर, "रिलीव्हर नाई आला त मी काय पंप उघडा टाकून येऊ?" आणि आता हे रिकाम्या हॉलमध्ये शेवटच्या उरलेल्या खुर्चीवर बसले होते आणि म्हणत होते, "रिलीव्हर आल्याबिगर मी नाई हलत."

आधी मी सोपा मार्ग काढला. टिकलीलाच घेऊन जायचं. यादीत लिहिलं, बेचाळीस, टिकलीला फ्लॅटवर नेणे. ऑटोत ती ह्यांच्या पायांवर थरथरत बसली. जिने चढताना प्रत्येक वळणावर थांबली. वर पोचल्यावर मी तिला बिस्किट दिलं. तिने ते तोंडात धरलं आणि जागा शोधायला लागली. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून बेडरूम, तिथून गॅलरी. गॅलरीच्या जाळीतून खाली पाहिलं, मागे फिरली. पुन्हा हॉल. फरशीवर नखं वाजत होती. दुपार झाली तरी बिस्किट तोंडातच. लाळेने मऊ पडून त्याचे तुकडे गळायला लागले, तरी उरलेला तुकडा धरून ती फिरतच होती. तिला भूक होती. फक्त ते ठेवायला जागा सापडत नव्हती. चार वाजता हे उठले, म्हणाले, "चाल बाई, तुले सोडून देतो." मी बेचाळीस नंबर खोडला.

आमच्या क्वार्टरात कोण येणार हे ठाऊक नव्हतं. शेजारी म्हातारे. चौथ्या गेटला चित्रा होती, भंडाऱ्याकडची पोरगी, नवरा प्लांटमध्ये, पदरात तीन वर्षांची मुलगी. ती स्वतःच आली. "काकू, मी देईन ना टिकलीला. मले रेसिपी लिहून द्या बस. इतनी सी तो बात है."

मी कार्ड लिहिलं. किती पेरू, किती पीठ, कसं लाटायचं, किती वेळ भाजायचं. सुरेख अक्षरात, खाली रेघ मारून. चित्राला मी टक्क आवाजसुद्धा ऐकवला. क्वार्टर सोडायला आठ दिवस होते, मी म्हटलं आतापासूनच तू कर, मी बघते. पहिल्याच खेपेला तिने केली आणि टिकलीने मिटक्या मारत खाल्ली. मी यादीत टिकलीचं नाव लिहून त्यापुढे टिक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून टिकली तीनदा ओकली. पाटीवर नाक टेकून पडली होती, पाणी पुढे ठेवलं तर नुसतं बघत होती. हे तिला चादरीत गुंडाळून उचलत होते आणि मी चित्राला विचारत होते, काय काय घातलं, नीट आठव.

"तुम्ही लिहिलं तेच काकू. जाम, केळं, पीठ." मग ती अडखळली. "त्यात गोड काहीच नव्हतं ना... बिचारी, असं फिक्कं खाते. म्हून मूठभर किसमिस टाकली. माह्या पोरीच्या शिऱ्यात टाकतो तशी."

ऑटो करून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ऐकलं आणि मान हलवली. "किसमिस, अंगूर, कुत्ते को कभी नहीं. किडनी पर जाता है. आपको तो बताया था मैंने." बताया था. मला. चित्राला नव्हे. मी किसमिस कधी घातलीच नव्हती, त्यामुळे घालू नकोस हे लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. चित्रा बाकावर बसून रडत होती आणि मी तिची पाठ थोपटत होते. दुसऱ्या हातात पर्स होती. पर्समध्ये यादी, आणि यादीवर ती टिक.

तीन दिवस सलाइन. रोज सकाळी तिथे जायचं, तिच्या पायाला लावलेली पट्टी बघायची, परत यायचं. त्या तीन दिवसांत मी घरात एक काम धड केलं नाही. खोक्यातली भांडी काढली आणि परत भरली. झाडावरचे पेरू पिकून पत्र्यावर पडत राहिले, कोणी उचलले नाहीत. टप्प, टप्प. चौथ्या दिवशी ती पाणी प्यायली.

त्या संध्याकाळी मी नवीन कार्ड घेऊन बसले. हे समोर येऊन बसले. "तू काय करतं ते पहिले लिहितं," हे म्हणाले. रागावून नव्हे, हळूच. "आमच्या रजिस्टरात पहिले बंद काय हाय ते लिहा लागते. कोणता व्हॉल्व्ह बंद, कोणता पंप बंद. चालू काय हाय ते त नव्या माणसाले दिसतेच ना. बंद हाय ते दिसत नाई."

मी वर मोठ्या अक्षरात लिहिलं, बंद. त्याखाली किसमिस, द्राक्षं, बिया, साखर, मीठ, कांदा, चॉकलेट. रेसिपी मागच्या बाजूला गेली. चित्राने ते कार्ड दोन्ही हातांनी घेतलं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. ती म्हणाली, "काका, आता चार्ज द्या मले."

आम्ही फ्लॅटवर राहायला गेलो. आणि मी, जिने चार्ज दिला होता, एक दिवसाआड डबा घेऊन तिथे हजर. टिकली चित्राच्या गेटवरून उठायची आणि आमच्या जुन्या गेटच्या पाटीवर येऊन बसायची. मी स्कूटरवर निघाले की मागे. सडकेच्या तोंडाशी न थांबता पुढे, सेक्टरच्या बाहेर, मोठ्या रोडवर. एकदा मागे ट्रकचे ब्रेक करकचले. मी स्कूटर थांबवून वळून पाहिलं. ती ट्रकच्या चाकापासून हातभर अंतरावर उभी होती, शेपटी हलवत.

दुसऱ्या दिवशी चित्राने मोबाइलवर कार्डाचा फोटो पाठवला. बंदच्या यादीत, चॉकलेटच्या खाली, तिच्या अक्षरात एक ओळ होती. "काकू, थोडे दिवस." मागोमाग फोन. "राग नका मानू काकू. पण तुम्ही आल्या का टिकली इकडे जेवतच नाई. दोन दिवस तुमच्या गेटवर बसून राहते."

मला राग आला होता. चांगला आठवडाभर होता. कालच्या पोरीने मला किसमिसच्या रांगेत बसवलं म्हणून. मग उतरला. तेव्हापासून डबा मी पावर हाउसच्या बाजारात चित्राच्या हातात देत आले. मेथीच्या गाड्यांमागे, काही चोरून विकत असल्यासारखी. "कशी आहे?" "मस्त हाय काकू." बस, एवढंच विचारायचं.

या फ्लॅटमध्ये सगळं नीट आहे. पाणी चोवीस तास, कपाटं भिंतीतली, समोर रेल्वेचा यार्ड. पण चहाचा कप हातात घेऊन मी हॉलमधून गॅलरीत जाते, गॅलरीतून आत येते, आणि चहा निवून जातो. दळणाचा डबा उचलते आणि कुठे ठेवू म्हणून उभी राहते. दहा महिने झाले. हे एकदाच म्हणाले, "बस ना कुठंतरी."

इथपर्यंत लिहिलं तेव्हा दुसरा ट्रे ओव्हनमध्ये होता. आता संध्याकाळ झाली आहे. आम्ही जाऊन आलो.

स्कूटर सडकेच्या तोंडाशी लावली आणि चालत गेलो. टिकली चित्राच्या गेटपाशी आडवी पडली होती. आधी कान उठले. मग ती उभी राहिली, आणि मग अशी पळत आली की ह्यांना गुडघ्याचा पट्टा धरून भिंतीला टेकावं लागलं. अख्खं अंग हलत होतं. ह्यांचे बूट हुंगले, माझी साडी, माझे हात, डबा. मानेवर केस दाट आले आहेत. मी डबा उघडला, एक बिस्किट पुढे केलं. तिने अलगद दातांत धरलं आणि वळून चालायला लागली.

आमचं जुनं गेट आलं. नवीन लोकांनी निळा रंग दिला आहे. पाटी तीच. टिकली थांबली, पाटीचा कोपरा हुंगला. ह्यांनी माझं कोपर पकडलं.

ती पुढे गेली. दुसरं गेट, तिसरं, चौथं. चित्राच्या पायरीखाली बसली, पुढच्या दोन पायांत बिस्किट उभं पकडलं, आणि खाल्लं. टक्क आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला.

"झालं," हे म्हणाले. "रिलीव्ह."

आम्ही निघालो तेव्हा ती उठली, शेपटी हलवत दोन गेटं आली आणि थांबली. चित्रा ओढणीत पेरू घेऊन धावत आली. "काकू, तुमच्याच झाडाचे हायेत. नवीन लोक तोडू देतात. खाऊन त पाहा, आत्ताच तोडले." तिने एक माझ्या हातात ठेवला. ऊन खाऊन कोमट झालेला.

"घरी जाऊन खाते," मी म्हटलं.

डबा तिला दिला, बाकीचे पेरू ह्यांच्या पिशवीत गेले. तो एक हातातच राहिला. मोठा रोड, फाटक, तीन मजले. कुलूप ह्यांनी उघडलं. मी हॉलमधून गॅलरीत गेले, तिथली खुर्ची भिंतीला सरकवली आणि बसले. खाली यार्डात इंजिन डबे जोडत होतं. पेरू मी बियांसकट खाल्ला.